मक्याच्या शेतात झालेला बार

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले आणि विसरलो. मोठमोठ्या दरोड्यांचे तपशीलसुद्धा आता जुने सहकारी भेटले तरच जुळतात. पण वणीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातल्या मक्याच्या शेताचा पंचनामा मला अजून तोंडपाठ आहे. त्या प्रकरणात कुणी मेलं नाही. वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही आलं नाही. तरी निवृत्तीनंतर कुणी म्हटलं, साहेब, एखादी केस सांगा, की मी हीच सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी त्या भागातल्या एका छोट्या ठाण्याचा प्रभारी होतो. गणपती नुकतेच उठले होते आणि सप्तशृंगी गडावरच्या नवरात्राचा बंदोबस्त तोंडावर आला होता. ठाण्यातली निम्मी माणसं कुठं ना कुठं नेमलेली, जीप एक, आणि तिचाही सेल्फ लागत नसल्यामुळे ती नेहमी उतारावर उभी करायची. नावं मी कुणाचीच देणार नाही. दोन्ही घरं आजही बांधाला बांध लावून नांदत आहेत.

सकाळी आठच्या सुमाराला ठाण्यातला फोन वाजला. त्या गावचे पोलीस पाटील बोलत होते.

"साहेब, आमच्याकडं एकाला गोळी लागलीया. दिस उगवायच्या टायमाला बार झाला. पायात लय छर्रे घुसलेत. जीप करून दवाखान्यात धाडलाय त्याला."

"कुणी मारली?"

"शेजारच्या रानातनं आली. त्यांच्याकडं परवान्याची बंदूक हाय. साहेब, लवकर या. त्याची बायको लय बोभाटा करतीया, गाव गोळा झालंय."

मी ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली. पेठ-सुरगाण्याकडचे एक जुने हवालदार माझ्या हाताखाली होते. त्यांना दोन शिपायांसह पुढं पाठवलं. जागा राखा, कुणाला मक्यात पाऊल टाकू देऊ नका, एवढंच सांगितलं. मी टोपी घालून निघणार, तेवढ्यात दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी, आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"साहेब कुठं हायेत?" त्यानं माझ्याकडेच तोंड करून विचारलं.

"मीच. बोला बाबा."

त्यानं चाचपडत टेबलाची कड शोधली आणि गोणपाट वर ठेवलं. सोडून पाहिलं तर आत एकनळी बारा बोअरची बंदूक, आणि बंडीच्या खिशातून त्यानं काढून दिलेलं एक रिकामं काडतूस.

"मीच मारली गोळी. डुक्कर समजून मारली. आता काय करायचं ते करा."

"ही घेऊन आलात कसे?"

"यष्टीनं. कंडक्टर म्हनला, फावडं हाय का? म्हनलं, व्हय."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याला नजरेनं गप्प केलं आणि म्हाताऱ्याला बाकावर बसवलं. पाणी दिलं. बंदूक पंचांसमक्ष ताब्यात घेतली. परवाना पीक संरक्षणाचा, म्हाताऱ्याच्याच नावावर, चाळीस वर्षं जुना. त्याच्या दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसा पडदा आला होता. माझ्या मनात तेव्हाच शंका आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत बघा बरं."

म्हाताऱ्यानं मान वर केली, जरा थांबला, आणि म्हणाला, "साडेआठला कमी असतील."

घड्याळात आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी चाट पडलो. मग लक्षात आलं, की दारातून आलेलं ऊन त्याच्या पावलांवर पडलं होतं आणि तो पायानं वेळ सांगत होता. माणूस हुशार होता. डुकरं किती होती, कुठून आली, राखणीच्या माळ्यावरून बार कसा टाकला, सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. बंदुकीची त्याची माहिती पक्की होती. त्याला खोटं पाडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"घरात आणखी कोण असतं?"

"पोरगा सातपूरला कारखान्यात हाय. सुट्टीला येतो. नातवंडं बारकी. सून हाय."

"बार झाला तेव्हा सून कुठं होती?"

"घरात. भाकरी थापत व्हती. तिला काय बी ठावं नाय. लय साधी हाय ती."

हे तो सांगत असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पायात चपला नव्हत्या, लुगड्याचा काठ चिखलानं भरला होता, आणि चालून चालून तिला धाप लागली होती. ती म्हाताऱ्यापासून चार हातांवर होती. त्याचं तोंड तिच्याकडेच होतं.

"बंदुकीला तर ती हात बी लावत नाय," म्हातारा सांगतच होता. "बाईमानसाचं काम हाय का ते?"

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं पदरानं ते पुसलं आणि म्हणाली, "मामा, उठा आता. घरी चला."

म्हाताऱ्याची मान एकदम खाली गेली.

"साहेब, बंदूक मी चालवली," ती म्हणाली. "ह्यांना दोन वर्सं झाली, पुढ्यातलं ताट दिसत नाय."

"खोटं बोलतीया ती!" म्हातारा उठून उभा राहिला. "साहेब, तिची दोन लेकरं हायेत. माझं काय, आज हाय उद्या नाय. माझं नाव लिवा."

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. त्यामुळे कबुलीवर विसंबायची सवय मी स्वतःला कधी लावून घेतली नाही. पण एकाच गुन्ह्यासाठी दोन माणसं भांडत आहेत, आणि तेही गुन्हा आपल्या अंगावर घेण्यासाठी, हे मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो.

तिनं सांगितलं ते असं. डुकरांनी निम्मा मका लोळवला होता. नवरा सातपूरला, सासऱ्याला दिसत नाही, मग राखण कोण करणार? सासऱ्यानं तिला बंदूक शिकवली. तो माळ्याखाली बसून कानानं अंदाज घ्यायचा, खसखस कुठून येते ते सांगायचा, आणि ती हवेत बार टाकायची. आजवर सगळे बार हवेतच गेले होते. त्या दिवशी फटफटायला लागलं होतं. जवळच मका जोरात हलला, डुक्कर किंचाळलं. ते अंगावरच येतंय असं वाटून तिनं घाबरून नळी खाली केली आणि हलणाऱ्या मक्यावर चाप ओढला. मग माणसाची किंकाळी ऐकू आली.

"तो तिथं काय करत होता?"

"मला काय ठावं, साहेब? आमच्या रानात त्यानं यायचं काही कारणच नाय."

तिला मी दिंडोरीहून महिला शिपाई येईपर्यंत ठाण्यातच बसवून ठेवलं आणि गावाकडे निघालो.

गावात चित्र वेगळंच होतं. जखमीच्या बायकोनं मला जीपमधून उतरूही दिलं नाही.

"साहेब, हा अपघात नाय. खून करायचा व्हता तिला. काल विहिरीवर चार जनांम्होरं म्हनली, पुन्हा माझ्या रानात पाय टाकलास तर गोळी घालीन. इचारा कुनाला बी!"

मी विचारलं. चौघांनी चार ठिकाणी तेच सांगितलं. दोन्ही घरांची विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळीवरून दिवाणी दावा चालू होता. आदल्या दिवशी भांडण झालं होतं आणि ते शब्द ती बाई बोलली होती. नंतर मी तिला विचारलं तेव्हा तिनंही नाकारलं नाही. आठ दिवसांपासून मक्यात माणसाच्या पावलांचे ठसे दिसत होते, शेजारी कणसं चोरतो असा तिला संशय होता, म्हणून ती तोडून बोलली.

जुनं वैर, चार साक्षीदारांसमोर धमकी, दुसऱ्याच दिवशी गोळी. फिर्याद जशी आली तशी मला नोंदवावीच लागली. कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. परवाना दुसऱ्याच्या नावावर असताना बंदूक वापरली म्हणून हत्यार कायद्याचं कलम वेगळं, आणि परवानाधारकानं ती वापरू दिली म्हणून म्हाताऱ्यावरही गुन्हा. बाईला अटक झाली, कोर्टात हजर केलं, पोलीस कोठडी मिळाली. तिची लेकरं म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून ठाण्याच्या व्हरांड्यात थांबली होती. नवरा सातपूरहून कारखान्याच्या कपड्यांतच आला. माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला.

जखमीचा जबाब मी दवाखान्यात जाऊन घेतला. त्याला नाशिकच्या सरकारी रुग्णालयात हलवलं होतं. मांडीत आणि गुडघ्यात मिळून पाच छर्रे. जीव वाचला होता, पण गुडघा पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यानं सांगितलं, "मी मोटर चालू कराया चाललो व्हतो. आमच्या बांधावर उभा व्हतो. तिनं मला बघितलं आन् बार टाकला."

मग तिच्या मक्यात, बांधापासून बारा पावलं आत, रक्ताचं थारोळं कसं होतं? तो म्हणाला, गोळी लागल्यावर झोकांड्या खात आत पडलो. तेही पटण्यासारखंच होतं. वैद्यकीय अहवालात छर्ऱ्यांच्या जखमांखाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती, की उजव्या तळहातावर ताजी, आडवी चीर आहे. मी ती ओळ वाचली आणि पुढं गेलो. ही माझी चूक.

त्याआधी, घटनेच्याच दुपारी, हवालदारांनी मला मक्यात बोलावलं होतं. हा माणूस डोंगरातला. त्याच्या घराण्यात रान वाचणं लेकरं बाराखडी शिकतात तसं शिकवलेलं. तो उकिडवा बसला होता.

"साहेब, हिकडं बघा. रगताच्या वाटा दोन हायेत."

एक वाट थारोळ्यापासून बांधाकडे, जिकडून माणसाला उचलून नेलं तिकडे जात होती. दुसरी बरोबर उलट्या दिशेला, नाल्याकडे. हवालदारांनी एक पान उलटं करून दाखवलं. रक्त पानाच्या खालच्या अंगाला होतं, जमिनीपासून हातभर उंचीवर.

"मानूस पळताना झुडपाखालून पळत नाय. हे रगत जनावराचं हाय."

आम्ही ती वाट धरून नाल्यापर्यंत गेलो. तिथं खडकावर ती हरवली. संध्याकाळी पावसाची एक सर आली आणि उरलंसुरलंही धुऊन गेलं.

मला एवढं कळलं होतं, की त्या मक्यात डुक्कर खरोखरच होतं. काडतूस एकच उडालं होतं. डुक्कर सापडलं आणि त्याच्या अंगात छर्रे निघाले, तर एकाच बारानं दोघं जखमी झाले हे सिद्ध होणार होतं. आणि डुकरावर बार टाकणारी बाई खुनाचा प्रयत्न करत नव्हती हेही. सापडलं नाही, तर चार साक्षीदारांनी ऐकलेली धमकी आणि गुडघ्यातले छर्रे एवढंच कोर्टापुढं जाणार होतं. बाईला दहा वर्षंसुद्धा झाली असती.

दुसऱ्या दिवशी उपअधीक्षक साहेबांचा फोन आला. "अहो, तिनं धमकी दिली, तिनंच गोळी घातली. आता तुम्ही डुक्कर काय शोधत बसलात? बंदोबस्ताचा आराखडा अजून आला नाही तुमचा."

"साहेब, आराखडा संध्याकाळपर्यंत पाठवतो. दोन माणसं एक दिवस नाल्यात फिरू द्या."

ते म्हणाले, "एकच दिवस."

आराखडा मी त्या संध्याकाळीच पाठवला. तिसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला हवालदारांना नाल्याच्या वरच्या अंगाला घारी घिरट्या घालताना दिसल्या. करवंदीच्या जाळीत डुक्कर मरून पडलं होतं. दुर्गंधी इतकी, की पंच नाकाला उपरणं लावूनही पुढं येईनात. वनरक्षकाला आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी खांद्यातून आणि मानेतून छर्रे काढले, जखमीच्या अंगातून निघालेल्यांच्याच मापाचे. पण त्याहून मोठी गोष्ट डुकराच्या गळ्यात होती. मोटारसायकलच्या क्लचची वायर. फास आवळून कातड्यात रुतलेला, आणि दुसरं टोक तुटलेलं.

हवालदार माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांच्याकडे. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. फास होता, तर तो कुणीतरी लावला होता.

आम्ही तसेच मक्यात परत गेलो. थारोळ्याच्या जागेवरचे लोळलेली मक्याची ताटं एकेक करून बाजूला केली. खाली बाभळीची जाड खुंटी जमिनीत ठोकलेली होती आणि तिला वीतभर वायर लटकत होती. पहिल्या दिवशी पंचनामा लिहिताना मी जवळजवळ तिच्यावरच उभा होतो. दोन्ही वायरींची तुटकी टोकं एकमेकांजवळ धरली. तार तारेला जुळली.

मग मला तळहातावरची ती आडवी चीर आठवली. गळ्यात फास पडलेलं डुक्कर हिसके देत असताना कुणी वायर हातानं धरली, तर तळहात नेमका तसाच कापतो.

त्याच दुपारी मी नाशिकला दवाखान्यात गेलो. जखमी पलंगावर पडून होता. बायको उशाशी बसून त्याला मोसंबी सोलून देत होती. मी काही विचारलं नाही. कागदाच्या पाकिटातून खुंटीची वायर काढून त्याला दिसेल अशी धरली.

त्यानं उजवा हात चादरीखाली घेतला.

"काय हाय हे?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"तुमच्या मालकांना विचारा."

ती त्याच्याकडे वळली. "अहो, सकाळी कुठं गेला व्हता तुमी? मोटर चालू कराया गेला व्हता ना?"

तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. वॉर्डातला पंखा कुरकुरत होता. मी स्टूल ओढून बसलो. अशा वेळी पोलिसानं बोलू नये, असं माझा अनुभव सांगतो. गप्प बसलं की समोरच्याच्या मनातलं आपोआप वर येतं.

"डुकराची वाट तिच्या मक्यातनं जात व्हती," तो शेवटी म्हणाला. "माझ्या टमाट्याचं बी वाटोळं केलं व्हतं त्यांनी. म्हनलं फास लावावा. तिला इचारलं असतं तर तिनं लावू दिला असता का? आठ दिस गुपचूप जाऊन बघत व्हतो. त्या दिशी सापडलं. मी खाली वाकून वायर धरली व्हती."

"ती माळ्यावर आहे हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय. जरा आदीच खोकली व्हती."

"मग हाक का नाही मारली? मी आहे, बार टाकू नको, एवढं ओरडला असता तरी पाय वाचला असता."

"वरडलो असतो तर धरलो गेलो असतो, साहेब." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आदल्या दिशीच भांडन झालं व्हतं. गावात काय तोंड दाखवलं असतं? आन् वनखात्याची केस झाली असती ती येगळीच."

त्याची बायको हातातली मोसंबी तशीच धरून बसली होती. मला वाटलं, आता ती नवऱ्याची बाजू घेऊन माझ्यावर उखडणार. पण तिनं फोड बशीत ठेवली आणि म्हणाली, "त्या बाईची लेकरं तीन दिस झाली आईवाचून हायेत. खरं ते लिवून द्या साहेबांना. सगळं लिवून द्या."

त्यानं जबाब दिला, आणि पुढं दंडाधिकाऱ्यांसमोरही तोच दिला. "तिनं मला बघितलंच नव्हतं. मी हाय हे तिला ठावं नव्हतं." ही दोन वाक्यं त्यानं स्वतःहून दोनदा सांगितली. मी कोर्टाकडे अहवाल पाठवला, की कलम ३०७ वगळून कलम ३३८, म्हणजे निष्काळजीपणे वागून गंभीर दुखापत करणं, लावण्यात यावं. बाईला जामीन मिळाला. वनखात्यानं जखमीवर फास लावल्याचा गुन्हा नोंदवला आणि पुढं दंडावर तो मिटवला. उपअधीक्षक साहेबांनी अहवाल वाचून फोन केला. "डुक्कर सापडलं म्हणायचं तुमचं," एवढंच बोलले, आणि त्यांच्याकडून ती मोठीच शाबासकी होती.

बाईनं मला एकदा ठाण्यात येऊन विचारलं होतं, "साहेब, मी मुद्दाम केलं नाय हे तर ठरलं. मग आता माझ्यावर केस कशाला?"

मी तिला म्हटलं, "बाई, मका हलत होता, पण मक्यात कोण आहे हे तुम्ही पाहिलं होतं का?"

ती म्हणाली, "नाय."

"केस तेवढ्याचीच आहे."

तिला ते पटलं असावं, कारण पुढं जे झालं ते मला कुणी शिकवून करून घेता आलं नसतं. शेजाऱ्याचा टमाटा बांधायला आला होता. त्याचा पाय प्लास्टरमध्ये. सूनबाई आणि तिचा सुट्टीवर आलेला नवरा त्याच्या रानात उतरले आणि चार दिवसांत सगळा टमाटा तारेला बांधून दिला. तिच्या वकिलाला हे कळलं तेव्हा तो वैतागून माझ्यासमोरच तिला म्हणाला, "अहो, असं केलंत तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसेल."

"मग काय झालं?" ती म्हणाली. "केलाच हाय ना."

खटला उभा राहिला तेव्हा तिनं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. दंडाधिकारी मॅडमनी जखमीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? भरपाई मागायची आहे का?"

तो काठी टेकत उभा राहिला. "मॅडम, चूक माझी बी हाय. हिनं माझा टमाटा वेळेवर बांधला. मला काय नको."

मॅडमनी चष्मा काढला. "त्यांनी तुमचा टमाटा बांधला हा त्यांचा चांगुलपणा झाला. तुमचा गुडघा गेला ती त्यांची जबाबदारी आहे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत." आणि बाईला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून, जखमीला भरपाई द्यायचा हुकूम केला. त्यात जखमीचा स्वतःचा दोष धरून रक्कम कमी केली, तेही निकालात लिहिलं. म्हाताऱ्याला समज देऊन सोडलं, पण परवाना रद्द झाला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "बरं झालं. आता डुकरं आली तर डबा वाजवू."

बदली झाल्यावर ते गाव मागे पडलं. निवृत्तीनंतर एकदा बायकोला घेऊन गडावर दर्शनाला गेलो होतो. उतरताना गाडी मुद्दाम त्या गावाकडे वळवली. म्हातारबा मधल्या काळात गेले होते. शेजारी ओट्यावर बसला होता, पाय लांब करून. मला ओळखायला त्याला वेळ लागला, पण मग त्यानं आतून चहा मागवला आणि शेजारच्या घरीही निरोप धाडला. मी विचारलं, विहिरीच्या दाव्याचं काय झालं?

"चालूच हाय, साहेब," तो हसून म्हणाला. "तारखेला मला गाडी चालवता येत नाय. तिचाच मालक घेऊन जातो मोटारसायकलवर. तिकडं वकील भांडत्यात, आमी कँटीनला बसतो."

माझी बायको इतकी हसली, की चहा सांडला.

ह्या प्रकरणानं मला जे शिकवलं ते पोलीस प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या लोकांना एखादं नुकसान झालं की दोनच गोष्टी समजतात. एकतर कुणी मुद्दाम केलं, मग त्याला फासावर लटकवा. नाहीतर नशिबात होतं, मग कुणाला काही विचारू नका. ह्या दोहोंच्या मध्ये एक मोठी जागा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून होणाऱ्या चुका त्या जागेतच होतात. माणूस वाईट नसतो, त्याच्या मनात काही नसतं, तरी त्याच्या हातून दुसऱ्याचं आयुष्यभराचं नुकसान होऊन जातं. कायद्यानं ह्या जागेसाठी कलम ठेवलं आहे. त्या कलमाला शिक्षा कमी आहे म्हणून पुष्कळ अधिकारी त्याला हलकं समजतात. मी समजत नाही. खुनी माणसाला पकडणं त्या मानानं सोपं. जो खुनी नाही त्याला खुनी ठरवू न देणं, आणि तरीही त्याला त्याची जबाबदारी उचलायला लावणं, ह्यात पोलिसाची खरी परीक्षा होते. त्या परीक्षेत मी अनेकदा नापास झालो असेन. एकदा पास झालो, हे मात्र मी समाधानानं सांगू शकतो.